‘ईआर निगेटिव्ह’ म्हणजे नक्की काय दिसलं नाही?

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की बायोप्सीच्या पहिल्या रिपोर्टपाठोपाठ काही दिवसांत आणखी एक कागद हातात पडतो. त्यावर तीन ओळी असतात: ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर), पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) आणि हर-२. हर-२ हे वेगळं प्रथिन, त्याचा इथे विषय नाही. पहिल्या दोन ओळी हार्मोन रिसेप्टरच्या. त्या पॉझिटिव्ह असतील तर बाईला टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी रोजची एक गोळी पाच वर्षं, कधी दहा वर्षं घ्यावी लागते. निगेटिव्ह असतील तर ती गोळी मिळत नाही, कारण तिचा उपयोग होणार नाही असं धरलं जातं. टॅमॉक्सिफेन जुनं औषध आहे, स्वस्त आहे आणि फार गुणी आहे. ईआर पॉझिटिव्ह बायकांनी ते पाच वर्षं घेतलं तर पहिल्या पंधरा वर्षांत या आजाराने मृत्यू येण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटतं, हे हजारो रुग्णांच्या एकत्रित अभ्यासातून दिसलेलं आहे. एवढा फायदा द्यायचा की नाही, हे त्या एका ओळीवर ठरतं.

ती ओळ ठरवते एक अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला ओळखून चिकटणारं दुसरं प्रथिन. बाटलीत येणारी, फ्रीजमध्ये ठेवायची, काही मिलिलिटर पाण्यासारखी दिसणारी. रुग्ण डॉक्टरांना सर्जरीबद्दल विचारतात, केमोबद्दल विचारतात, केस परत येतील का हेही विचारतात. ही तपासणी कोणत्या अँटिबॉडीने केली, असं विचारणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर पूर्वी बऱ्याच संशोधकांनीही ते विचारलं नव्हतं. त्याचे परिणाम काय झाले, ते पुढे येईलच.

आधी रिसेप्टर म्हणजे काय ते बघू. इस्ट्रोजेन हे हार्मोन रक्तातून सगळीकडे फिरतं आणि पेशींच्या आत शिरतं. बहुतेक पेशींना त्याचं काही देणंघेणं नसतं. ज्या पेशींच्या केंद्रकात इस्ट्रोजेन रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं, तिथे मात्र ते जाऊन चिकटतं. हार्मोन चिकटलं की रिसेप्टरचा आकार थोडा बदलतो, तो डीएनएवर ठरावीक जागी बसतो आणि काही जनुकं चालू करतो. त्यात पेशीला वाढायला सांगणारी जनुकं असतात. प्रोजेस्टेरॉन रिसेप्टरचं, म्हणजे पीआरचं, जनुकही त्यातच येतं. हे ध्यानात ठेवा, पुढे कामी येणार आहे: पीआर तयार व्हायचा तर सहसा ईआर जागेवर आणि कामावर असावा लागतो.

स्तनाच्या काही गाठी इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात, याचा सुगावा रिसेप्टर सापडण्याच्या कितीतरी आधी लागला होता. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जनने १८९६ साली अंडाशय काढून टाकल्यावर स्तनाचा पसरलेला कर्करोग आक्रसल्याचं लिहून ठेवलं आहे. मात्र हे काही रुग्णांतच व्हायचं, बाकीच्यांत नाही. कुणात होईल हे आधी कळायला मार्ग नव्हता. साठेक वर्षांनी शिकागो विद्यापीठात एल्वूड जेन्सन यांनी किरणोत्सर्गी हायड्रोजन जोडलेलं इस्ट्रोजेन उंदरांना दिलं आणि ते गर्भाशयासारख्या ठरावीक अवयवांत टिकून राहतं हे पाहिलं. म्हणजे तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी आहे. तोच हा रिसेप्टर.

मग गाठीत रिसेप्टर आहे की नाही हे मोजायची पहिली पद्धतही त्याच वाटेने आली. ताजी गाठ लगेच गोठवायची, नंतर वाटून तिचा अर्क काढायचा, त्यात किरणोत्सर्गी हार्मोन घालायचं, न चिकटलेलं हार्मोन कोळशाच्या पुडीने शोषून घ्यायचं आणि उरलेला किरणोत्सर्ग मोजायचा. पद्धत हुशारीची, पण गाठ बऱ्यापैकी मोठी लागायची, ऑपरेशन थिएटरजवळ गोठवण्याची सोय लागायची आणि वाटताना कर्करोगाच्या पेशी, निरोगी पेशी, चरबी सगळं एकत्र व्हायचं. कोणत्या पेशीत रिसेप्टर होता हे सांगता यायचं नाही. छोट्या गावातल्या छोट्या गाठीला तर ही तपासणी नशिबातच नव्हती.

अँटिबॉडी आली ती इथे. आपल्या शरीरात परक्या वस्तूला ओळखून चिकटणारी ही प्रथिनं. सशाला किंवा उंदराला एखादं परकं प्रथिन टोचलं की त्याचं शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. जेन्सन यांच्या प्रयोगशाळेत जेफ्री ग्रीन यांनी वासराच्या गर्भाशयातून रिसेप्टर शुद्ध केला, सशांना टोचला आणि १९७७ साली ईआरविरुद्धची अँटिबॉडी मिळवली. पण प्राण्याच्या रक्तातून काढलेल्या अशा द्रवात एकाच प्रथिनाच्या वेगवेगळ्या भागांना चिकटणाऱ्या अनेक अँटिबॉडींची खिचडी असते. शिवाय ससा मेला की साठा संपला, आणि दुसऱ्या सशाची खिचडी वेगळी.

त्यावरचा तोडगा १९७५ सालीच केंब्रिजमध्ये निघाला होता. जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी अँटिबॉडी बनवणारी पेशी आणि अमर्याद वाढणारी कर्करोगाची पेशी यांचा संकर केला. अशा एका संकरित पेशीची सगळी पिल्लावळ एकच अँटिबॉडी बनवत राहते, वर्षानुवर्षं. तिला मोनोक्लोनल म्हणतात. यासाठी १९८४ चं नोबेल मिळालं. ग्रीन यांनी हेच तंत्र वापरून १९८० साली माणसाच्या ईआरविरुद्ध मोनोक्लोनल अँटिबॉडी बनवल्या. त्यासाठी लागणारा रिसेप्टर एमसीएफ-७ या पेशींमधून घेतला होता. अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती जोगिणीच्या आजारातून मिळालेल्या या पेशी आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत.

अँटिबॉडी अख्खं प्रथिन ओळखत नाही. प्रथिनाचा एक छोटा तुकडा, काही अमिनो आम्लांएवढा, तिला ओळखीचा असतो. गर्दीत पाठमोऱ्या माणसाची चाल ओळखून आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, तसं हे काम चालतं. बहुतेक वेळा माणूस तोच निघतो. कधी तो वळतो आणि भलताच निघतो. आणि कधी आपला माणूस समोरून जातो, पण त्या दिवशी लंगडत असल्यामुळे आपण त्याला ओळखतच नाही. या दोन्ही चुका ईआरच्या बाबतीत झाल्या आणि दोन्ही मोठ्या झाल्या.

त्या समजायच्या तर गाठीची स्लाइड कशी होते ते जवळून बघायला हवं.

सर्जन गाठ काढतो. रक्तपुरवठा तुटल्या क्षणापासून पेशी स्वतःलाच पचवायला लागतात, म्हणून तासाभराच्या आत गाठ कापून फॉर्मलिनमध्ये पडली पाहिजे. फॉर्मलिन प्रथिनांना एकमेकांशी घट्ट बांधून टाकतं, त्यामुळे सगळं होतं त्या जागी थिजतं. पण ते ऊतीत तासाला जेमतेम एखादा मिलिमीटर शिरतं. अख्खा स्तन न कापता तसाच बरणीत कोंबला तर बाहेरची कड टिकते आणि आतली गाठ रात्रभर सडते. बरणी लहान, फॉर्मलिन वाटीभर आणि त्यात दाबून बसवलेला स्तन, हे दृश्य पॅथॉलॉजीच्या टेबलावर काम केलेल्या कुणालाही नवं नाही. सलाइनमध्ये पाठवलेले तुकडेही येतात. शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन, रविवारी लॅब बंद, सोमवारी दुपारी बरणी उघडली, असंही होतं. आंतरराष्ट्रीय नियमांत फॉर्मलिनमधला वेळ कमीत कमी ६ तास आणि जास्तीत जास्त ७२ तास दिला आहे. रिपोर्टवर ही वेळ लिहिलेली असावी अशी अपेक्षा आहे. आपल्याकडच्या किती रिपोर्टवर ती असते, ते ज्याचं त्याने बघावं.

मग गाठीचे तुकडे मेणात ओतून ब्लॉक बनवतात. काड्यापेटीहून लहान, पांढरट मेणाचा चौकोन, मध्ये गाठीचा फिकट डाग. मायक्रोटोमवर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. पाण्यावर तरंगणारा तो काप कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ असतो, फुंकर बसली तर दुमडतो.

आता पंचाईत अशी की ज्या फॉर्मलिनने प्रथिनं जपली, त्यानेच त्यांना असं बांधून ठेवलेलं असतं की अँटिबॉडीला आपला ओळखीचा तुकडा सापडतच नाही. ग्रीन यांच्या पहिल्या अँटिबॉडी गोठवलेल्या कापांवर छान चालायच्या, मेणातल्या कापांवर नीट नाही. १९९१ साली शान-रोंग शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की काप द्रावणात ठेवून मायक्रोवेव्हमध्ये उकळला तर हे बंध बरेचसे सुटतात आणि अँटिबॉडी पुन्हा चिकटते. नाजूक प्रथिनं उकळायची, ही कल्पना ऐकायला अडाणी वाटते, पण तिच्यामुळे जगभरच्या कपाटांतले जुने ब्लॉक एकदम तपासण्याजोगे झाले. आपल्याकडे अनेक लॅबमध्ये या कामाला साधा स्टीलचा प्रेशर कुकर वापरला गेला आणि अजूनही वापरला जातो. शिट्ट्या मोजून. यात विनोद नाही. उकळी कमी पडली तर रंग येत नाही, जास्त झाली तर काप काचेवरून सुटून येतो. द्रावणाचा सामू बदलला तरी निकाल बदलतो.

त्यानंतर कापावर ईआरची अँटिबॉडी घालतात. ती केंद्रकातल्या रिसेप्टरला चिकटली की तिच्यावर दुसरी अँटिबॉडी चिकटवतात. या दुसरीला एक एन्झाइम जोडलेलं असतं. शेवटी डॅब नावाचं रसायन घातलं की एन्झाइम जिथे आहे तिथे तपकिरी रंग साचतो. बाकीच्या केंद्रकांना हिमॅटॉक्सिलिनने निळं करतात. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या केंद्रकांच्या गर्दीत तपकिरी केंद्रकं दिसतात आणि पॅथॉलॉजिस्ट त्यांचा अंदाज घेतो: शेकडा किती तपकिरी, आणि तपकिरी म्हणजे चहासारखी फिकट की कॉफीसारखी गडद.

या अंदाजाला आकडा द्यायची एक रूढ पद्धत म्हणजे ऑलरेड स्कोअर. किती पेशी रंगल्या याला ० ते ५ गुण, किती गडद रंगल्या याला ० ते ३, दोन्हींची बेरीज. म्हणून रिपोर्टवर ‘७/८’ असं दिसतं. या पद्धतीत १ हा स्कोअर कधीच येऊ शकत नाही, कारण एक जरी पेशी रंगली तरी प्रमाणाचा किमान एक आणि गडदपणाचा किमान एक गुण मिळतोच. रिपोर्टवर ‘१/८’ दिसलं तर टायपिंगची चूक समजून विचारणा करावी.

पॉझिटिव्ह कुणाला म्हणायचं? अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी २०१० साली सीमा १ टक्क्यावर आणली. शंभरातली एक पेशी रंगली तरी पॉझिटिव्ह. २०२० च्या सुधारणेत १ ते १० टक्क्यांना ‘ईआर लो पॉझिटिव्ह’ असं वेगळं नाव दिलं, कारण या गाठी बऱ्याचदा निगेटिव्ह गाठींसारख्या वागतात, आणि तरी गोळीचा काही फायदा मिळण्याची शक्यता सोडवत नाही. ही एक टक्क्याची सीमा हवेतून आली नाही. १९९९ साली ऑलरेड यांच्या गटाने १,९८२ रुग्णांच्या गाठींवर जुनी किरणोत्सर्गी पद्धत आणि अँटिबॉडीची पद्धत ताडून पाहिली. हार्मोनच्या उपचारांचा फायदा कुणाला होतो हे अँटिबॉडीने जुन्या पद्धतीपेक्षा चांगलं सांगितलं, आणि फार थोड्या पेशी रंगलेल्या रुग्णांनाही फायदा झालेला दिसला. माझ्या मते अँटिबॉडीची खरी परीक्षा हीच. रंग सुंदर आला का, यापेक्षा त्या रंगावर विसंबून ज्यांना औषध दिलं त्यांचं पुढे काय झालं, याला किंमत आहे.

आता पहिली मोठी चूक. कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड आणि लॅब्रेडॉर हा प्रांत आहे. तिथल्या बायकांच्या गाठींची ईआर आणि पीआर तपासणी राजधानी सेंट जॉन्समधल्या एका लॅबमध्ये व्हायची. १९९७ पासून हाताने, अनेक टप्प्यांची पद्धत चालू होती. २००४ साली स्वयंचलित यंत्र आलं. २००५ च्या सुमारास पूर्वी निगेटिव्ह ठरलेल्या एका रुग्णाची गाठ नव्या यंत्रावर पुन्हा तपासली आणि ती पॉझिटिव्ह निघाली. मग आणखी काही तपासल्या, त्यांतल्याही उलटल्या. अखेर हजाराच्या आसपास जुने निगेटिव्ह नमुने टोरंटोच्या माउंट सिनाई हॉस्पिटलला पाठवले गेले. त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांचा निकाल बदलला. म्हणजे त्यांतल्या अनेक बायकांना, ज्यांच्या गाठीत रिसेप्टर होता, ती स्वस्त गोळी दिलीच गेली नव्हती. काही तोवर दगावल्या होत्या. रुग्णांना हे वेळेवर सांगितलंही गेलं नाही, बातम्या आधी आल्या. २००७ साली न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांची चौकशी बसली आणि २००९ मध्ये अहवाल आला. त्यात कुणा एका माणसाची किंवा एका बाटलीची चूक निघाली नाही. फॉर्मलिनपासून कंट्रोलपर्यंत (कंट्रोल म्हणजे तपासणी नीट चालते का हे बघायला सोबत रंगवलेला, निकाल आधीच माहीत असलेला काप) कुठल्याच टप्प्यावर गुणवत्तेची पद्धतशीर तपासणी नव्हती, असं निघालं.

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट तांत्रिक आहे. गाठीच्या शेजारी बहुतेक वेळा निरोगी दुधाच्या नळ्या असतात. त्या नळ्यांच्या काही पेशींत ईआर असतोच, सगळ्याच पेशींत नाही, पण अधूनमधून. म्हणजे स्लाइडवरच फुकटचा साक्षीदार बसलेला असतो. नळीला रंग आला आणि गाठीला नाही, तर गाठ निगेटिव्ह म्हणता येतं. नळीलाही रंग आला नसेल, तर तपासणीच फसली आहे आणि रिपोर्ट लिहायचा नसतो. सेंट जॉन्सच्या जुन्या स्लाइड बाहेरच्या तज्ज्ञांनी पाहिल्या तेव्हा काहींवर हा साक्षीदारही कोरा होता, आणि तरी ‘निगेटिव्ह’ लिहिलं गेलं होतं. रंग न येण्याची दोन कारणं असू शकतात: रिसेप्टर नाही, किंवा अँटिबॉडी पोहोचली नाही. गाठ एकटी बघून ही दोन वेगळी करता येत नाहीत.

आपल्याकडेही या प्रश्नाची सावली आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधून २००० साली ७९८ गाठींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ईआर पॉझिटिव्ह ३२.६ टक्के आणि पीआर पॉझिटिव्ह ४६.१ टक्के होते. पाश्चात्त्य देशांत ईआर पॉझिटिव्हचं प्रमाण सत्तरीच्या आसपास असतं. यावरून ‘भारतीय बायकांच्या गाठी मुळातच वेगळ्या’ असा निष्कर्ष पुढे बरीच वर्षं उद्धृत होत राहिला. वेगळेपण काही प्रमाणात खरं आहे. आपल्याकडच्या रुग्ण सरासरीने तरुण असतात आणि तरुण वयात ईआर निगेटिव्ह गाठी जास्त दिसतात. पण मघाशी सांगितलेलं आठवा: पीआर तयार व्हायला सहसा ईआर लागतो. मग ईआरपेक्षा पीआर जास्त कसा? आजच्या चांगल्या पद्धतींनी तपासलं तर ‘ईआर निगेटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह’ गाठी शंभरात मोजक्याच निघतात. म्हणून असा आकडा बघितला की माझी पहिली शंका गाठीवर जात नाही, कापावर आणि अँटिबॉडीवर जाते. यात टाटाला दोष द्यायचं कारण नाही. तिथे महाराष्ट्रातूनच नव्हे तर देशभरातून लोक पिशवीत ब्लॉक घालून येतात, आणि तो ब्लॉक कुठल्या गावात, किती तास, कसल्या फॉर्मलिनमध्ये पडला होता हे परळच्या टेबलावर कुणाला कळणार? त्याच रुग्णालयाच्या पॅथॉलॉजिस्टांनी पुढच्या वर्षांतल्या हजारो गाठींचा आढावा घेतला, तेव्हा हार्मोन रिसेप्टर असलेल्या गाठींचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या वर दिसलं. एवढ्या थोड्या वर्षांत बायकांच्या गाठी बदलत नसतात.

दुसरी चूक उलट्या दिशेची. तिच्यात रुग्णांच्या गोळ्या चुकल्या नाहीत, पण संशोधनाची वीसेक वर्षं मातीत गेली.

१९९६ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या जॉर्ज काउपर आणि यान-ओके गुस्ताफसन यांच्या गटाला उंदराच्या प्रोस्टेटमध्ये दुसराच एक इस्ट्रोजेन रिसेप्टर सापडला. त्याला बीटा म्हटलं आणि जुना तो अल्फा झाला. दोघांची जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर, पण प्रथिनांत बरंच साम्य. साहजिकच जगभर प्रश्न उठला: स्तनाच्या गाठीत बीटा असतो का, आणि असला तर तो चांगला की वाईट? कंपन्यांनी बीटाविरुद्धच्या अँटिबॉडी धडाधड बाजारात आणल्या. शोधनिबंधांचा पूर आला. एका निबंधात बीटा असलेल्या रुग्णांचं बरं चाललंय, दुसऱ्यात वाईट, तिसऱ्यात काहीच फरक नाही. ‘आणखी संशोधनाची गरज आहे’ या वाक्याने सगळे संपायचे.

२०१७ साली स्टॉकहोम आणि उप्साला इथल्या संशोधकांनी बीटाविरुद्धच्या १३ अँटिबॉडी एका रांगेत घेऊन तपासल्या. ज्या पेशींत बीटा नक्की आहे आणि ज्यांत नक्की नाही, अशा दोन्हींवर. जी अँटिबॉडी बीटा नसलेल्या पेशींनाही रंगवते ती कशाला तरी दुसऱ्यालाच चिकटते आहे, हे उघड. निकाल असा की तेरांपैकी एकच कसोटीला पूर्ण उतरली, आणि ती फारशी वापरात नव्हती. जिच्या जोरावर भरपूर निबंध लिहिले गेले होते, अशी लोकप्रिय अँटिबॉडी भलत्याच प्रथिनांना चिकटत होती. खऱ्या अँटिबॉडीने पाहिल्यावर निरोगी स्तनात आणि स्तनाच्या कर्करोगात बीटा दिसलाच नाही. वृषण, अंडाशय आणि लसिकापेशींत मात्र तो होता, आणि अंडाशयाच्या एका विशिष्ट प्रकारच्या गाठीतही.

हे वाचून राग येतो, पण त्याआधी हे कसं घडलं ते बघावं. अल्फाच्या अँटिबॉडीवर रुग्णांचे उपचार लटकलेले होते, त्यामुळे ती चुकली तर कुणीतरी, कधीतरी, कोर्टापर्यंत जाऊन बोंब मारणार होतं. बीटाच्या अँटिबॉडीवर फक्त निबंध लटकलेले होते. शिवाय अल्फा गाठीत भरभरून असतो, म्हणून थोडी ढिली अँटिबॉडीही चालून जाते. बीटा मुळात अत्यल्प. जिथे खरं लक्ष्य जवळपास नसतंच, तिथे इतर प्रथिनांना चिकटलेला किरकोळ रंगही ठळक वाटतो. आणि तपकिरी केंद्रकं दिसली की माणसाला बरं वाटतं, हेही आहेच. स्लाइड कोरी निघाली तर विद्यार्थी पुन्हा प्रयोग करतो. रंग आला तर फोटो काढतो.

एवढ्यावरून अँटिबॉडीची भरवशाची परीक्षा कशी असावी ते दिसतं. जनुक-संपादनाने ते प्रथिन पूर्ण काढून टाकलेल्या पेशी घ्यायच्या आणि त्यांवर अँटिबॉडी टाकायची. रंग आला तर बाटली बाद. दुसरा मार्ग, त्याच प्रथिनाच्या वेगळ्या तुकड्याला ओळखणारी दुसरी अँटिबॉडी वापरायची आणि दोघींची साक्ष जुळते का बघायचं. आणि ज्या कामासाठी वापरायची त्याच कामावर पारखायची. वेस्टर्न ब्लॉट या प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या चाचणीत प्रथिनं उलगडून जेलवर पसरलेली असतात, मेणाच्या कापात ती घडी घातलेली आणि फॉर्मलिनने बांधलेली असतात. एकीकडे फर्स्ट क्लास चालणारी अँटिबॉडी दुसरीकडे ठार आंधळी असू शकते. कॅटलॉगमधला एक सुंदर फोटो बघून बाटली मागवायची आणि वाटेल त्या कामाला वापरायची, ही सवय अजूनही गेलेली नाही. माँट्रियलमधून सुरू झालेल्या वायकेरॉस या उपक्रमाने मेंदूच्या संशोधनाशी संबंधित ६५ प्रथिनांविरुद्धच्या ६१४ बाजारी अँटिबॉडी अशाच, ते प्रथिन काढून टाकलेल्या पेशींवर पारखल्या. नापास झालेल्या अँटिबॉडींवर आधारलेले निबंध दर प्रथिनामागे सरासरी डझनभर निघाले. चांगली बातमी ही की डीएनएच्या क्रमावरून बनवलेल्या रिकॉम्बिनंट अँटिबॉडी सरासरीने जास्त खऱ्या उतरल्या. त्यांचा क्रम लिहून ठेवलेला असतो, त्यामुळे दर वेळी हुबेहूब तीच बनते, सशाच्या प्रकृतीशी तिचा संबंध नाही.

रुग्णालयातल्या ईआर तपासणीची परिस्थिती यापेक्षा पुष्कळ बरी आहे. एसपी१, ६एफ११, ईपी१ ही त्या अँटिबॉडींच्या क्लोनची, म्हणजे त्या बनवणाऱ्या पेशींच्या वंशाची, नावं, आणि त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. डेन्मार्कची नॉर्डिक्यूसी किंवा ब्रिटनची नेक्वास यांसारख्या संस्था लॅबना एकाच गाठीचे काप पाठवतात, प्रत्येकाने ते आपल्या पद्धतीने रंगवून परत पाठवायचे आणि गुण घ्यायचे. रोजच्या कंट्रोलसाठी गर्भाशयमुखाचा आणि टॉन्सिलचा काप वापरावा असं सांगतात. टॉन्सिल का, तर तिच्यात ईआर असलेल्या पेशी थोड्या आणि फिक्या रंगाच्या असतात. गडद रंगणारी गाठ कंट्रोल म्हणून ठेवली तर अर्धवट फसलेली तपासणीही पास दिसते. टॉन्सिलमधल्या त्या मोजक्या फिक्या पेशी दिसल्या, तर समजायचं की आज अँटिबॉडी कमी रिसेप्टरही पकडते आहे.

घरात असा रिपोर्ट आला असेल तर चार गोष्टी बघता येतात, त्याला डॉक्टर असायची गरज नाही. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ किंवा ‘निगेटिव्ह’ न लिहिता टक्के आणि गडदपणा लिहिला आहे का. क्लोनचं नाव आहे का. कंट्रोलला रंग आल्याची नोंद आहे का. फॉर्मलिनचा वेळ लिहिला आहे का. आणि काही जोड्या संशयास्पद असतात. ईआर निगेटिव्ह पण पीआर पॉझिटिव्ह, ही एक. हळू वाढणारी, ग्रेड १ ची गाठ आणि तरी ईआर निगेटिव्ह, ही दुसरी. लोब्युलर, ट्युब्युलर किंवा म्युसिनस प्रकारची गाठ आणि ईआर निगेटिव्ह, ही तिसरी. या प्रकारच्या गाठी जवळजवळ नेहमी पॉझिटिव्ह असतात. असं काही दिसलं तर ऑन्कोलॉजिस्टना सरळ विचारावं, पुन्हा तपासून घेऊ का? चांगला डॉक्टर याचा राग धरत नाही, बऱ्याचदा त्याने स्वतःच तसं लॅबला कळवलेलं असतं.

सुईने काढलेली बायोप्सी बारीक असते, ती पटकन फॉर्मलिन पिते, म्हणून ईआरसाठी ती बऱ्याचदा ऑपरेशनच्या मोठ्या नमुन्यापेक्षा भरवशाची ठरते. पण तिच्यात गाठीचा एकच कोपरा येतो. म्हणून बायोप्सीवर निगेटिव्ह आलं तर ऑपरेशनच्या गाठीवर परत तपासणी करण्याचा विचार होतो, आणि उलटही. त्यासाठी मेणाचा ब्लॉक लागतो. तो लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो आणि लेखी मागितला तर दुसऱ्या मतासाठी मिळतो. पुन्हा तपासणीला चार मायक्रॉनचा एक काप पुरतो, आणि ऑपरेशनच्या गाठीच्या एका ब्लॉकमध्ये असे शेकडो काप शिल्लक असतात.